एक तास पंचावन्न मिनिटं

"एक तास सत्तावन्न!" विमानाच्या दारातून पाऊल बाहेर टाकायच्या आतच पोरीनं जाहीर करून टाकलं. "दोन मिनिटं जास्त. वारा समोरून होता."

"मग कॅप्टन, वाऱ्याला मेमो देऊ या का?" तिच्या गळ्यातलं कार्ड उलटं झालं होतं, ते सुलट करत मावशींनी विचारलं.

"मेमोनं काही होत नाही गं. बाबांकडे यायलाच तो समोरून असतो. आईकडे जाताना मागून ढकलतो." पोरीनं मनगटावरचं सैल घड्याळ कोपरापर्यंत सरकवलं, दप्तरातून वही काढली आणि उभ्या उभ्याच आकडा टिपून घेतला. वय वर्षं नऊ. वहीत चार वर्षांचे आकडे. सुरुवातीची पानं मावशींच्या अक्षरातली होती, कारण तेव्हा तिला घड्याळ कळत नव्हतं.

एकट्यानं प्रवास करणारी मुलं विमानाच्या दारात ताब्यात घ्यायची आणि बाहेर वाट पाहत असलेल्या माणसाच्या हाती सोपवायची, हे मावशींचं काम. एकवीस वर्षं त्या तेवढंच करत आल्या होत्या. कागदावर ज्याचं नाव असेल त्याचं ओळखपत्र बघायचं, ओळखपत्रावरून चेहरा बघायचा, गुलाबी पावतीवर वेळ आणि सही घ्यायची आणि मगच मुलाचा हात सोडायचा. एकदा एका बड्या अधिकाऱ्याला त्यांनी ओळखपत्र आणायला घरी परत पिटाळलं होतं. तो येईपर्यंत त्याच्या लेकीला बाकावर बसवून कोडी घालत राहिल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं पावतीमावशी. पुढे पावती गळली आणि नुसती मावशी उरली.

ह्या पोरीची आई त्या शहरात, बाप ह्या शहरात. दोन विमानतळांमधलं अंतर अकराशे दहा किलोमीटर, प्रवासाचा वेळ एक तास पंचावन्न मिनिटं. एक आड एक शनिवारी ती यायची, रविवारी संध्याकाळी जायची. त्या विमानतळावर मावशींसारखंच काम करणारी एक बाई होती. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. मावशी तिला 'तिकडची' म्हणायच्या आणि ती मावशींना 'तिकडची' म्हणायची, त्यामुळे दोघींचं छान जमत असे. विमान सुटलं की तिचा फोन यायचा, "दिली गं." इकडे पावतीवर सही झाली की मावशींचा फोन जायचा, "मिळाली गं." मधे पाच मिनिटं सापडलीच तर एकीचे गुडघे आणि दुसरीची सून ह्यांवर बोलणं व्हायचं.

"चल, बाबा खांबाला टेकून टेकून खांब वाकवतील," मावशी म्हणाल्या.

पोरीचा बाप दुकानांच्या पाट्या लावायचं काम करायचा. विमानाच्या वेळेआधी पाऊण तास यायचा आणि बाहेरच्या तिसऱ्या खांबाला टेकून उभा राहायचा. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आज काचेच्या दाराशी येऊन दोघींनी पाहिलं, तर तिसऱ्या खांबाशी कोणी नव्हतं.

मावशींनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"ट्रॅफिक असेल," पोरगी म्हणाली. मग तिनंच मान हलवली. "पण फोन कशाला बंद असेल?"

मावशींनी तिसऱ्यांदा नंबर लावला. तेवढ्यात पोरीनं काचेवर दोन्ही हात आपटले. "आजी! मावशी, ती बघ माझी आजी!"

अडसराच्या पलीकडे, येणाऱ्यांच्या गर्दीत एक ठेंगणी म्हातारी टाचा उंचावून आत बघत होती. एका पायात काळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी. खांद्याला शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या जोडून केलेली पिशवी. मावशी पोरीला दाराच्या आतच, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीजवळ उभी करून बाहेर गेल्या.

"तुम्ही पोरीच्या आजी?"

"हो हो, तिच्या बापाची आई मी." म्हातारीला धाप लागली होती. "काल संध्याकाळी पडला हो तो शिडीवरून. पाट्या लावता लावता. फोनचाही चुरा झाला. पाय मोडलाय, मांडीपाशी. अकराला ऑपरेशन आहे, पावणेअकराला आत नेणार. मला म्हणाला, आई, तिला घेऊन ये, आत जायच्या आधी मला तिचं तोंड दिसू दे. मी तशीच निघाले. टॅक्सी उभी करून ठेवलीय बाहेर."

"पोरीच्या आईला कळवलंय का?"

"तिला कसं कळवायचं? कळलं असतं तर पाठवलं असतं का तिनं? तो म्हणाला, पोरगी विमानात बसू दे, मग बघू."

मावशींनी घड्याळ पाहिलं. नऊ त्रेपन्न. "आजी, ओळखपत्र आहे?"

"आहे की." म्हातारीनं पिशवीतून पाकीट, पाकिटातून रुमाल, रुमालातून कार्ड काढलं. कार्ड खरं होतं, चेहरा खरा होता. खोट एवढीच होती की पोरीच्या कागदावर त्या चेहऱ्याचं नाव नव्हतं. 'घेण्यास येणारी व्यक्ती' ह्या रकान्यात बापाचं नाव. त्याखाली 'दुसरी व्यक्ती' असा रकाना, आणि त्यावर आईनं पहिल्याच दिवशी ओढलेली जाड, आडवी रेघ. दर खेपेला त्याच कागदाची प्रत निघायची, फक्त तारीख बदलायची. रेघ तशीच राहायची.

"तुमचं नाव नाही इथं," मावशी म्हणाल्या.

"नाही म्हणजे? त्यानं अर्ज दिला होता ना? सहा महिने झाले." म्हातारीचा आवाज चढला. काचेचं दार उघड-मीट होत होतं, आत उभ्या पोरीला सगळं ऐकू जात होतं. "आलं लक्षात! त्या बाईनं सही केली नाही, दुसरं काय! मी काय पोर पळवणार होते? ह्या वयात मला माझी पिशवी पळवता येत नाही!"

पोरीनं मान खाली घातली आणि घड्याळाचा पट्टा उगाच ओढू लागली.

मावशींनी तोंडात गुळणी धरली. कारण तो अर्ज त्या शहरात कधी गेलाच नव्हता. तो मावशींच्या ड्रॉवरमध्ये होता.

सहा महिन्यांपूर्वी बापानं चार ओळींचा कागद त्यांच्या हातात दिला होता. दुसरी व्यक्ती म्हणून माझ्या आईचं नाव घालावं, एवढंच. नियमानं तो आईच्या सहीसाठी तिकडे पाठवायचा. पण मावशींच्या डोळ्यांसमोर ती जाड रेघ आली. इतक्या जोरानं रेघ ओढणारी बाई हा कागद बघून काय करेल? भांडण उकरेल, वकिलाकडे जाईल, कदाचित पोरीचं येणंच बंद करेल. चार वर्षं कसं सगळं सुरळीत चाललंय. त्यांना वाटलं, जरा दमानं घेऊ. महिन्यानं बापानं विचारलं, "तिकडून काही उत्तर?" मावशी म्हणाल्या, "अजून नाही." पुढच्या खेपेलाही तेच. मग त्यानं विचारायचं सोडून दिलं. तो समजायचं ते समजला, आणि मावशींनी त्याला समजू दिलं.

"काय झालं मावशी?" मागून ड्यूटीसाहेब आले. साहेब वयानं त्यांच्या मुलाएवढे. कामाला लागले तेव्हा पहिला आठवडा मावशींच्याच हाताखाली शिकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिला, म्हातारीचं कार्ड पाहिलं.

"अवघड आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तेच विमान साडेदहाला परत जातंय. सव्वादहाला दार बंद. कागदावरचा माणूस आला नाही तर मूल त्याच विमानानं परत. तुम्हीच शिकवलंय मला हे."

"मला परत पाठवणार?" पोरगी दारातून पुढे आली होती. तिचा आवाज अगदी साधा होता, हिशेब करत असल्यासारखा. "म्हणजे मी इथं येऊन लगेच तिकडे. आणि बाबा आत जातील." ती आजीकडे वळली. "हॉस्पिटलला किती वेळ लागतो?"

"टॅक्सीनं पंचवीस मिनिटं गं बाळा."

"मग सव्वादहापर्यंत निघालो तरी होतं," पोरगी म्हणाली आणि मावशींच्या तोंडाकडे बघत राहिली. अकराशे दहा किलोमीटर येऊन ती वीस पावलांवर अडली होती.

"साहेब, मला दहा मिनिटं द्या. आईची परवानगी आली तर?"

"लेखी आली तर माझं काही म्हणणं नाही. पण ती तर केव्हाच विमानतळावरून घरी गेली असेल. तिथून सही कशी देणार?"

मावशींनी तिकडचीला फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "मिळाली गं?"

"नाही गं, अजून नाही. ऐक, पोरीच्या आईला कसंही करून गाठायला हवं. घरचा नंबर असेल तर..."

"गाठायचंय कशाला? इथंच आहे ती."

"इथं म्हणजे?"

"सात नंबरच्या दाराजवळ, शेवटच्या खुर्चीवर. नेहमीच असते." तिकडची जरा थांबली. "तुला कधी बोलले नाही, कोणाला सांगू नका म्हणाली होती. पोरीला आत सोडली की घरी जातच नाही ती. दोन तास बसून राहते. पुस्तक उघडते, पान काही उलटत नाही. तुझा फोन आला की मी लांबून मान हलवते, मग उठते. आज मान हलवली नाही ना, म्हणून मघापासून माझ्याकडेच बघतेय बिचारी."

चार वर्षं ही बाई मावशींच्या लेखी एका रेघेएवढीच होती.

"तिला फोन दे," त्या म्हणाल्या.

पलीकडे चपला वाजल्या, कोणाची तरी घोषणा झाली, मग एक घाबरा आवाज आला. "काय झालं? उतरली ना ती? कुठेय ती?"

"ताई, उतरली. माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे." मावशींनी आधी तेवढं सांगितलं आणि पलीकडचा श्वास खाली बसू दिला. मग बाकीचं सांगितलं. शिडी, पाय, अकराचं ऑपरेशन, आजी बाहेर उभी. "तुम्ही आजींचं नाव लिहून सही करून दिलीत, तर मी तिला त्यांच्याबरोबर सोडू शकते. नाहीतर साडेदहाच्या विमानानं परत."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"कोणता पाय?" आईनं विचारलं.

"अं?"

"कोणता पाय मोडलाय त्याचा?"

मावशींनी म्हातारीकडे पाहिलं. "कोणता पाय, आजी?"

"डावा."

"डावा, ताई."

"पुन्हा डावाच." आई स्वतःशीच म्हणाली. मग आवाज कोरडा झाला. "आणि हे मला आत्ता कळतंय. मी काय राक्षसीण आहे? आईचं नाव घालायचं होतं तर आधी सांगायचं. चार वर्षांत एकदाही विचारलं नाही त्यानं. एकदाही! आणि आता असं कोंडीत धरायचं. हा त्याचा स्वभावच आहे, मावशी. विचारायचं नाही आणि वर मी नाही म्हटलं म्हणून सांगत फिरायचं."

साहेब शेजारीच उभे होते. म्हातारी कान देऊन होती. पोरगी तर हातभर अंतरावर. मावशी नुसत्या "हं" म्हणाल्या असत्या, तरी सही मिळाली असती. बाई रागावलेली होती, पण नाही म्हणत नव्हती. दोष बापाच्या खाती गेला असता, बापानं सवयीनं तो सोसला असता आणि ड्रॉवर बंदच राहिला असता.

"ताई," मावशी म्हणाल्या, "त्यांनी विचारलं होतं."

"काय?"

"सहा महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता त्यांनी. मी तुमच्याकडे पाठवलाच नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे तो. दोनदा त्यांनी चौकशी केली, मी उत्तर आलं नाही म्हणून खोटं सांगितलं. त्यांना वाटलं तुम्ही नाही म्हणालात. त्यांची चूक नाही ह्यात. तुमचीही नाही."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. म्हातारीचा आ वासलेला तसाच राहिला.

"का?" आईनं विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. भांडण होईल आणि पोरीचे हाल होतील."

"मला ओळखता तुम्ही?"

"नाही, ताई."

मावशींना पलीकडच्या विमानतळाचा गलका ऐकू येत होता, आणि त्यात त्या बाईचं नाक ओढणं.

"कदाचित मी नाही म्हटलंही असतं," आई शेवटी म्हणाली. "खरं सांगते. पण ते मी म्हणायला हवं होतं, मावशी. माझ्या वतीनं तुम्ही नाही."

"हो ताई."

"कागद कुठेय? द्या इकडे." हे ती तिकडचीला म्हणत होती. पेन घासल्याचा आवाज आला. "सही केली. फोटो पाठवताहेत. पोरीला द्या जरा."

पोरीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "हो... हो... नाही रडत... हो, सांगते." मग तिनं आजीकडे पाहिलं. "आई म्हणतेय, त्याला पेनिसिलिन चालत नाही, डॉक्टरांना सांगितलंय का?"

म्हातारीनं डोक्यावर हात मारला. "अगं बाई! नाही! माझ्या डोक्यातच नाही आलं!"

"नाही सांगितलं," पोरीनं फोनमध्ये कळवलं. "आता सांगतो... उद्या नाही? मग सोमवारची शाळा?... बरं. परवा." तिनं फोन परत दिला. "तिकीट परवावर टाकतेय म्हणाली. शाळा बुडाली तर बुडू दे."

दहा वाजून अकरा मिनिटांनी सहीचा फोटो आला. रेघेच्या वर, दाटीवाटीनं, आजीचं नाव लिहिलेलं. मावशींनी गुलाबी पावती पुढे केली. म्हातारीनं जीभ दातांत धरून एकेक अक्षर टाक्यासारखं घातलं. साहेबांनी मनगटावर बोट ठेवलं, पण घाई करा म्हणाले नाहीत. सही झाली, तशी म्हातारी मान वर करून मावशींकडे बघत राहिली. काहीतरी तिखट ओठांवर आलं होतं तिच्या. ते तिनं गिळलं.

"तोंडानं सांगितलंत, ते एक बरं केलंत," एवढंच म्हणाली, आणि पोरीचा हात धरून, एक काळी एक तपकिरी चप्पल फटक फटक वाजवत टॅक्सीकडे पळत सुटली.

दुपारी मावशी लेखी खुलासा लिहायला बसल्या. एक पान भरलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"मावशी, हे ड्रॉवरचं काढून टाका. आईनं तक्रार केलेली नाही. आजीनंही नाही. मी तर काही ऐकलंच नाही. नुसतं 'कागदात दुसरं नाव नव्हतं' एवढं पुरे."

"राहू द्या."

"मुलांच्या कामावरून काढतील तुम्हाला. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"काढतीलच. मी असते तर मीसुद्धा काढलं असतं." मावशींनी पेनाला टोपण लावलं. "हाताखालच्या एखाद्या मुलीनं असं केल्याचं कळलं असतं, तर तुमच्या आधी मीच ओरडले असते. हो की नाही?"

साहेब हसले नाहीत. कागद घडी न घालता, सपाट धरून घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यापासून मावशींची बदली सामानाच्या पट्ट्यावर झाली. काम सोपं होतं. पट्ट्यावर आलेल्या बॅगा एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत, न्यायला कोणी आलं नाही ती बाजूला काढायची, शेवटची बॅग गेली की पट्टा बंद करायचा. चार दिवसांतच त्यांना एक खोड लागली. प्रत्येक बॅगेची मूठ त्या माणसांच्या बाजूला फिरवून ठेवायच्या. कोणाच्या लक्षात यायचं नाही, पण म्हाताऱ्या माणसांना वाकावं कमी लागायचं.

पंधरा दिवसांनी शनिवारी, पावणेदहाच्या सुमाराला, त्या एक निळी बॅग फिरवत होत्या. कोणीतरी येऊन शेजारी उभं राहिलं.

"एक तास चोपन्न," पोरगी म्हणाली.

मावशींनी मागे पाहिलं. थोड्या अंतरावर नवी मुलगी गुलाबी पावत्यांचं बुक छातीशी धरून उभी होती. काचेपलीकडे, खांबाला न टेकता, दोन काठ्यांवर तोल सांभाळत पोरीचा बाप. शेजारी त्याची आई.

"तू इथं कशी? तुझी बॅग कुठे असते कधी?"

"नसते. पण मी ह्या नव्या ताईंना सांगितलं, आज आहे."

"खोटं बोललीस?"

"थोडंसं." पोरीनं दप्तराचे पट्टे घट्ट धरले. "आईनं तुला सांगायला सांगितलंय की... नाही, तिनं काही सांगायला सांगितलं नाही. फक्त विचारत होती, मावशी दिसतात का."

"मग सांग, दिसतात."

दोघी पट्ट्याकडे बघत उभ्या राहिल्या. निळी बॅग कोणीतरी उचलली. मग एक खोका गेला, मग दोऱ्यानं बांधलेली वळकटी, मग एक लाल बॅग, तिची मूठ मावशींनी अलगद बाहेरच्या बाजूला वळवली. माणसं पांगली. नवी मुलगी घड्याळाकडे बघू लागली, पण हाक मारायला तिला संकोच वाटत होता. पट्टा रिकामा झाला, तरी काळा रबर खरखरत फिरत राहिला.

बंद करायचं बटण मावशींच्या हाताशीच होतं. त्यांनी आणखी एक फेरी होऊ दिली.